खऱ्या रंगाचा दात

माणसाला बत्तीस दात असतात हे शाळेत शिकवतात. त्यातल्या एकतीस दातांबद्दल पुढे जन्मभर कुणी चकार शब्द काढत नाही आणि बत्तिसाव्याबद्दल अख्खी इमारत बोलू लागते, हे मात्र कुठल्याही पुस्तकात नाही.

माझा तो बत्तिसावा दात वरच्या रांगेत, अगदी दर्शनी जागेवर होता. निवृत्तीला सोळा दिवस उरले असताना एका जुन्या फायलीच्या नाडीला बसलेली गाठ मी दाताने सोडवायला गेलो. गाठ जागच्या जागी राहिली आणि दात अर्धा तुटून टेबलावर पडला. आवक-जावक विभागाचा प्रमुख म्हणून चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर नाना गोष्टी येऊन पडल्या होत्या, पण स्वतःचीच वस्तू आवक म्हणून येण्याची ही पहिली वेळ.

एरवी मी फिकीर केली नसती. पण आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या विभागप्रमुखाचा निरोपसमारंभात फोटो काढतात आणि तो मोठा करून व्हरांड्यात लावतात. शिवाय बायकोने एक मागणी करून ठेवली होती. तिने आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही, म्हणून ही जरा जड गेली. ती म्हणाली होती, "अहो, एवढ्या एका फोटोत तरी हसा. घरात तुमचा एकही हसरा फोटो नाही."

हे खरं आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत मी साक्षीदार म्हणून रस्त्यावरून धरून आणल्यासारखा दिसतो. कारण माझे दात पिवळट आहेत अशी माझी लहानपणापासून समजूत आहे. कॅमेरा दिसला की मी पाकीट चिकटवावं तसे ओठ बंद करतो. घरात मात्र मी खो खो हसतो. पण घरात हसताना कुणी फोटो काढत नाही आणि फोटो काढताना मी हसत नाही, असा तो एकूण हिशेब.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मूळ शाबूत आहे. वरून टोपी बसवू. नेमका रंग जुळवून करणारा कारागीर दुसऱ्या गावी असतो, तो फोटोवरून करतो." मग त्यांनी नमुन्याच्या दातांची एक पट्टी काढली. एक नंबर सगळ्यात पांढरा, आणि पुढे पिवळट होत होत सोळापर्यंत. ती पट्टी माझ्या दातांना लावून त्यांनी फोटो काढला. सोबत एक फॉर्म आणि छापील छटांचं कार्ड दिलं. फॉर्मवर लिहिलं होतं : 'मी छायाचित्र स्वतः पाहिले असून छटा क्रमांक ___ मला मान्य आहे.' खाली सही.

"याची काय गरज?" मी विचारलं.

"मागे एका गृहस्थांना बसवलेल्या दाताचा रंग आवडला नाही. त्यांनी तो इथेच माझ्या टेबलावर काढून ठेवला," बाई म्हणाल्या. "फोटो ईमेल करते. घरी मोठ्या स्क्रीनवर निवांत बघा. पण रंग खरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच बघा बरं का. सगळी सॉफ्टवेअर्स खरे रंग दाखवत नाहीत. आणि आठ दिवसांत फॉर्म पाठवा, नाहीतर तुमच्या समारंभाआधी दात येणार नाही."

बाई हे इतक्या सहज बोलल्या की त्या वाक्यात माझे आठ दिवस गाडले गेले आहेत, याचा मला पत्ताच लागला नाही.

घरी येऊन फोटो उघडला. प्रथम त्यातली ती नमुन्याच्या दातांची पट्टी कापून टाकली. ओळीने टांगलेले ते परके दात माझ्या दातांशेजारी मला बघवेनात. उरलेले माझे दात स्क्रीनभर मोठे केले आणि खुर्चीतच मागे सरकलो. मुदत संपलेल्या नोंदवहीची पानं असतात, तसा रंग!

"हे सॉफ्टवेअर बरोबर नाही," मी जाहीर केलं.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? शंका घ्यायला मला खुद्द डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात हिरड्या लालभडक झाल्या आणि दातांवर लाली चढली, जणू दातच लाजले होते. तिसऱ्यात सगळ्यावर हिरवट झाक. चौथं दर वेळी उघडताना 'फोटो अधिक सुंदर करू का?' असं विचारायचं, आणि नको म्हटलं तरी करायचं. पाचवं उघडलं मात्र, आणि मला आनंदाचं भरतं आलं. दात पांढरे! अगदी शुभ्र नव्हेत, पण सभ्य, सुशिक्षित माणसाला शोभतील इतके पांढरे.

"हेच खरं!" मी ओरडलो.

बायको भाजी निवडता निवडता येऊन बघून गेली. "खोटारडं आहे ते," एवढंच म्हणाली.

आमची मुलगी जाहिरातींची मांडणी करते, म्हणजे दिवसभर रंगांतच असते. तिने मला समजावलं, "बाबा, फोटोच्या आत एक चिठ्ठी असते. हे रंग कसे वाचायचे, ते त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. चांगलं सॉफ्टवेअर ती वाचतं. बाकीची चिठ्ठी न वाचताच रंग दाखवून मोकळी होतात."

मला एकदम भरून आलं. चौतीस वर्षं मी दुसरं काय सांगत होतो? कागद उघडण्याआधी सोबतचं पत्र वाचा! जोडपत्राशिवाय कागदाला अर्थ नाही! आमच्या कार्यालयातला एकही माणूस सोबतचं पत्र वाचत नाही, आणि आता यंत्रंही तशीच निघाली. "कोणतं वाचतं ते ओळखायचं कसं?" मी विचारलं.

तिने एक चाचणीचा फोटो आणला. एका बाईचा चेहरा. चिठ्ठी वाचली तर चेहरा माणसासारखा दिसणार, नाही वाचली तर जांभळा. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये बाई ठणठणीत दिसली. माझ्या लाडक्या पाचव्यात ती वांग्यासारखी जांभळी झाली.

"तिची प्रकृती बरी नसेल," मी म्हणालो.

"बाबा!"

"एका बाईवरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही," असं म्हणून मी उठलो. मी खोटं बोललो नाही, पण खरं ऐकायची माझी तयारी नव्हती, हे इथे कबूल करतो.

एवढ्यात शेजारचे चित्रकलेचे मास्तर आले. ते निवृत्त आहेत, पण त्यांची मतं अजून कामावर आहेत. स्क्रीनकडे पाहताच त्यांनी दोन्ही हात वर केले. "अहो, या खोलीत रंग बघताय? भिंती पिवळ्या! भिंतीचा रंग डोळ्यात शिरतो. आधी खोली राखाडी करा."

"खोली राखाडी कशी करणार?"

"रंग बघायचाय की नाही?"

झालं. घरातली राखाडी पांघरुणं भिंतींवर टांगली. कमी पडली म्हणून मास्तरांनी स्वतःची आणली. मग माझा शर्ट पिवळा निघाला, म्हणून मला पांघरूण गुंडाळून बसवलं. भर उन्हाळ्यात, पंख्याच्या वाऱ्याने भिंती हलू नयेत म्हणून पंखा बंद करून, मी घामाच्या धारांत माझेच दात निरखू लागलो. दात अजून पिवळे ते पिवळेच. मास्तरांनी डोळे बारीक केले, अंगठा पुढे धरला आणि म्हणाले, "पिवळा यातून मुळीच हटत नाही. चिवट आहे तुमचा दात."

दोन दिवसांनी मुलीला कळलं, की आमच्या स्क्रीनची 'डोळ्यांना आराम' नावाची सोय चालू आहे आणि ती सगळ्यालाच पिवळं करते. सोय बंद केल्यावर दात पुष्कळ सुधारले. माझ्या मनासारखे मात्र तरीही नाही. मास्तरांनी यावरून धडा घेतला तो असा, की लहान स्क्रीनवर विश्वास ठेवू नये. "टीव्हीवर लावा," ते म्हणाले.

टीव्हीवर लावल्यावर माझा एकेक दात कपाटाच्या दाराएवढा झाला. मास्तर छापील कार्ड हातात घेऊन माझ्या जबड्यापुढे फेऱ्या घालू लागले. इमारतीतली माणसं आपणहून जमली. कुणी म्हणे पाच, कुणी म्हणे सात. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "बारा म्हणा, म्हणजे पुढे म्हातारपणी बदलायला नको." पांघरुणं भिंतींवर लागल्यामुळे खिडकीचा पडदा निघाला होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. समोरच्या बसथांब्यावरची रांग आमच्याकडे तोंड करून उभी होती आणि दोन बस आल्या तरी हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी जिन्यात एक सर्वस्वी अनोळखी गृहस्थ माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "मी सहाला मत देतो." मी आभार मानले. अर्धा दात नसल्यामुळे 'आपल्या सहकार्याबद्दल' म्हणताना अशी शीळ वाजली, की खालचा पहारेकरी धावत वर आला.

पाचव्या दिवशी मास्तरांनी अंतिम निदान केलं. "सॉफ्टवेअर वगैरे नंतर. आधी खरा स्क्रीन हवा. तुमच्या कार्यालयात नकाशा विभाग आहे ना? नकाशातली नदी आणि रस्ता यांची छटा तपासतात तो स्क्रीन खोटं बोलत नाही."

बोलणं पटण्याजोगं होतं. मी रीतसर अर्ज केला : 'नकाशा विभागातील स्क्रीनवर स्वतःच्या दाताचे छायाचित्र दहा मिनिटे पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.' अर्ज अर्थातच माझ्याच आवक विभागात गेला, आणि तासाभरात माझ्याच शिक्क्यासह परत आला. शेरा होता : 'सोबत जोडपत्र नाही. पूर्ततेस्तव परत.' तो नियम मीच केला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडणार कुणाच्या नावाने?

मी फोटो छापून जोडला. वर जाणाऱ्या कागदाच्या सात छायाप्रती काढाव्यात, हाही नियम माझाच. कार्यालयाचं छायाप्रतीचं यंत्र काळंपांढरं आहे. त्यामुळे सात अधिकाऱ्यांच्या टेबलांवर माझ्या राखाडी दातांचे सात संच आणि प्रत्येकासोबत छटांच्या राखाडी कार्डाची एक प्रत जाऊन पडली.

आता अर्जात मी मागितलं होतं काय? दहा मिनिटं स्क्रीन. पण आमच्याकडे अर्ज वाचत नाहीत, जोडपत्र बघतात आणि निर्णय देतात. आयुष्यभर लोकांना जोडपत्राचं महत्त्व पटवून दिल्याची ही फळं. सातव्या दिवशी फाईल खाली आली. पहिला शेरा : 'किंचित पिवळसर वाटते.' दुसरा : 'सहमत.' तिसरा : 'पिवळसर वाटत नाही. कृपया चर्चा करावी.' चौथा : 'चर्चा केली. सहमत.' पाचवे अधिकारी रजेवर होते, तरी त्यांची सही होती. सहाव्यांनी विचारलं होतं, 'हा भूखंड कुठला?' आणि सगळ्यात शेवटी मोठ्या साहेबांच्या हिरव्या शाईत : 'छटा क्रमांक दोन मंजूर. पुढील कार्यवाही व्हावी.'

दोन! म्हणजे जवळजवळ पांढराच! काळ्यापांढऱ्या कागदावरून ठरला म्हणून काय झालं, सात सह्यांचा निर्णय होता. त्यातही साहेबांचा आकडा नेमका माझ्या मनातला. मी फाईल छातीशी धरून उड्या मारत घरी आलो. वयाच्या मानाने त्या उड्या बऱ्या होत्या.

आठव्या दिवशी सकाळी पेन उघडून फॉर्मवर दोन लिहिणार, तोच बायकोने फॉर्मवर हात ठेवला.

"डॉक्टरांनी पाठवलेला मूळ फोटो उघडा."

"अगं, पण मंजुरी..."

"पट्टीसकट उघडा. पहिल्यात."

उघडला. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये माझे दात होते आणि त्यांना टेकून नमुन्याची पट्टी होती. पट्टीवरचा नऊ नंबर माझ्या दाताशी तंतोतंत जुळत होता.

"आता दुसऱ्यात."

दुसऱ्यात माझे दात लाजले होते, पण पट्टीवरचे दातही तसेच लाजले होते. तरी नऊच. तिसऱ्यात दोघेही हिरवट, नऊ. चौथ्याने आम्हा सगळ्यांनाच अधिक सुंदर केलं, तरी नऊ. माझं लाडकं पाचवं, त्याने माझ्याबरोबर पट्टीलाही पांढरं केलं होतं. तिथेही नऊ.

मास्तर स्वतःची पांघरुणं न्यायला आले होते, ते दारातच थबकले.

"पट्टी फोटोत घेतात ती याचसाठी ना?" बायको म्हणाली. "रंग कसेही दिसोत, दोघांचे सारखेच बदलणार. तुम्ही पट्टीच कापून टाकलीत."

मी! जोडपत्राशिवाय कागदाला अर्थ नाही म्हणणारा मी, पहिल्याच मिनिटाला जोडपत्र फाडून टाकून आठ दिवस कोरा कागद वाचत बसलो होतो. माझे कान तापले. मास्तर छताकडे बघू लागले.

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी? मास्तरांना विचारलंत. इमारतीला विचारलंत. बसथांब्याला विचारलंत. कार्यालयाची सात टेबलं झाली." तिचा आवाज जरासा बदलला. "पस्तीस वर्षं तुमच्या समोर बसून जेवतेय मी. कुठल्या रंगाचे आहेत ते मला स्क्रीनवर बघावं लागत नाही. दोन नंबरचा दात लावून तुम्ही हसाल, तर तो फोटो मी कुणाचा म्हणून ठेवू?"

ते ऐकून मला वाईटही वाटलं आणि इतकं बरंही वाटलं, की दोन्हींमध्ये मी फॉर्मवर नऊ लिहून सही करून टाकली. मास्तर हळूच म्हणाले, "मी तेच म्हणत होतो," आणि पांघरुणं न घेताच निघून गेले.

दात वेळेवर आला. बाईंनी बसवला, आरसा दिला, आणि मी स्वतःच गोंधळलो. नवा कुठला ते मला जिभेनेच शोधावं लागलं. इतका हुबेहूब, की त्या दाताच्या निवडीत मी खपल्याची एक खूणही त्यावर नव्हती. दर्शनाला आलेली इमारत निराश होऊन परत गेली. तळमजल्यावरच्या आजींनी तर माझ्या तोंडात बॅटरी मारून बघितली आणि "बसवला नाहीच का अजून?" असं विचारलं. एवढ्या खटपटीचं चीज झालं म्हणजे काय झालं, तर काहीच झालेलं दिसत नव्हतं.

मग समारंभ. बायको आणि मुलगी पहिल्या रांगेत. मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते दुसऱ्या रांगेत होते. फोटोवाला समोर येऊन उभा राहिला आणि माझे ओठ सवयीने बंद झाले. दात नवा असला तरी ओठ जुनेच होते. बायकोने लांबून हळूच मान हलवली. मी जोर लावला. ओठ उघडेनात. मला खरोखर घाम फुटला. आयुष्यभरात एक गोष्ट मागितली होती तिने.

तेवढ्यात मोठे साहेब भाषणाला उठले. माझी शिस्त, माझा काटेकोरपणा वगैरे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि शेवटच्या आठवड्यात यांच्या दाताचा प्रश्नही आपल्या कार्यालयाने विक्रमी वेळात मार्गी लावला. छटा क्रमांक दोन! बघा, काय शोभतोय!" आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्या बंद तोंडाच्या भलत्याच बाजूला.

"वा! अगदी मंजुरीप्रमाणे!" चर्चा करून सहमत झालेले अधिकारी म्हणाले.

"सहमत!" दुसऱ्या शेऱ्याचे अधिकारी.

सहावे अधिकारी शेजाऱ्याला मोठ्याने विचारत होते, "भूखंड मिळाला वाटतं यांना?"

मी बायकोकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. मग माझं जे काही सुटलं ते सुटलंच. मी हसलो. खुर्चीच्या पाठीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, नऊ नंबरचे सगळेच्या सगळे दात उघडे टाकून हसलो. फोटोवाल्याने काढला तो नेमका तो फोटो.

तो आता व्हरांड्यात आहे. पण बायकोने दुसऱ्याच दिवशी मुलीकडून तो फोनवर मागवून घेतला. ती बाल्कनीत उभी राहून बघत होती. मी मागून डोकावलो. भर उन्हात, फोनच्या काचेवर तिच्याच बोटांचे ठसे, आणि फोटो उघडला होता तो नेमका त्या पाचव्या, चिठ्ठी न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. माझ्यातला तज्ज्ञ कळवळला.

"अगं, त्यात नको बघू. रंग खरे दिसत नाहीत. दात बघ कसे पांढरे..."

तिने फोन खाली घेतला नाही. "दात कोण बघतंय," ती म्हणाली.